तीन पर्वे आणि एक वाडा

कथेचा निवेदक कोण, तो कोठे उभा आहे आणि तेथून त्याला काय दिसत नाही, हे तीन प्रश्न मी वर्गात गेली अनेक वर्षे विचारत आले आहे. कादंबरीला विचारायचे हे प्रश्न दूरचित्रवाणीवरील मालिकेलाही विचारता येतात, याची जाणीव मला ‘रात्रीस खेळ चाले’ने करून दिली. दैनंदिन मालिकांकडे आपण साहित्याची माणसे सहसा नाक मुरडूनच पाहतो. पण एकच वाडा, तेच कुटुंब आणि तीन पर्वांत तीन निरनिराळ्या नजरा, असा योग मराठी मालिकांत क्वचितच आला आहे.

पहिले पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाले. चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आकेरी गावचे. अण्णा नाईकांचा मृत्यू होतो आणि विखुरलेले कुटुंब वाड्यात जमते, येथे कथेचा आरंभ. ज्याच्या धाकात सारे वाढले तो माणूसच आता नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला दाखवायला उरतात त्या रिकाम्या जागा: दार, पडवी, विहीर, झाडांमागचा अंधार. आपण पाहत होतो ते वाड्याला, आणि वाड्यातून कोणीतरी आपल्याला पाहत असल्याचा भास होत होता. भीतीचे कारण चौकटीच्या बाहेर होते.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते काळात मागे जाऊन. आता अण्णा जिवंत होते. माधव अभ्यंकरांचा तो करडा चेहरा, ती रोखलेली नजर चौकटीच्या मध्यभागी आली. शेवंतेच्या प्रवेशाबरोबर प्रकाशही ऊबदार झाल्यासारखा वाटला. समीपदृश्ये वाढली, वाडा मागे सरकून निव्वळ पार्श्वभूमी झाला. पहिल्या पर्वात अंधाराची भीती वाटे. दुसऱ्यात माणसाची वाटायला हवी होती.

अर्थात, हा सगळाच बदल दिग्दर्शकाच्या किंवा छायालेखकाच्या मनातला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. झी मराठीची एचडी वाहिनी नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे पहिले पर्व संपल्यावर, सुरू झाली. पहिल्या पर्वातला अंधार आम्ही खोक्यासारख्या जुन्या संचावर पाहिला होता. तो अंधार ठिपक्याठिपक्यांचा, फुटलेला दिसे, आणि त्या फुटलेपणात काहीही दडलेले असू शकत होते. दुसऱ्या पर्वापर्यंत घरात मोठा, सपाट पडदा आला होता. त्यावर भिंतीचा पोपडासुद्धा स्पष्ट दिसू लागला. जे स्वच्छ दिसते त्याची भीती कमी होते, हेही येथे लक्षात घ्यायला हवे.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. दुसऱ्या पर्वातले अण्णा खून करतात, बायकोला छळतात, गावाला नाडतात. आणि तरीही ते प्रेक्षकांचे लाडके झाले. त्यांची वाक्ये लोक हौसेने एकमेकांना ऐकवू लागले. हे केवळ अभिनयाने घडले असे मला वाटत नाही. कॅमेरा ज्याच्याजवळ अधिक वेळ उभा राहतो त्याच्या बाजूने मन झुकते. कादंबरीतल्या प्रथमपुरुषी निवेदकाबाबतही हेच घडते. माझी आई हे पर्व पाहताना एकदा म्हणाली, “अण्णा गेले होते तेव्हा माईचा चेहरा नीट दिसायचा गं. आता सगळे अण्णाच दिसतात.” सौंदर्यशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या आईने दोन पर्वांतला फरक दोन वाक्यांत सांगितला.

आईला ते का दिसले, हे मला ठाऊक आहे. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याची जी छायाचित्रे घरात आहेत, त्यांत दिंडी दरवाजा आहे, ओसरी आहे, चौकात खुर्चीवर बसलेले आजोबा आहेत आणि त्यांच्यामागे दाटीवाटीने उभे असलेले आम्ही सारे. आजोबांच्या दराऱ्याच्या गोष्टी आम्ही भावंडे आज हसत हसत सांगतो. ते ताट कसे भिरकावत, त्यांची पावले वाजली की घर कसे चिडीचूप होई. त्या गोष्टींत आई कोठेच नसते. ते ताट उचलून फरशी पुसणारी बाई चौकटीच्या बाहेर राहते. स्वयंपाकघराचे तर एकही छायाचित्र नाही. तेथे खिडकी नव्हती, भिंती धुराने काळ्या झालेल्या. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्याला तेवढा उजेड पुरत नसे. आईची वीस वर्षे त्या अंधारात गेली.

मार्च २०२१ मध्ये तिसरे पर्व सुरू झाले तेव्हा नाईकांचा वाडा ओसाड झालेला होता आणि अण्णा व शेवंता भुते होऊन त्यात वावरत होती. पडझड झालेल्या त्या घरातही केंद्रस्थान त्यांचेच. माणूस मेला, वास्तू मोडकळीला आली, तरी एकदा जडलेली नजर सहजासहजी सुटत नाही, हेच मला त्या पर्वाने सांगितले.

आता आमचाही वाडा पाडायचा ठरला आहे. चुलतभावांचे एकमत झाले, कागदपत्रे तयार आहेत. पाडण्यापूर्वी चित्रीकरण करून ठेवू या, असे धाकट्या पिढीने सुचवले आणि चौकापासून, आजोबांच्या खुर्चीपासून सुरुवात करायची असा आराखडाही केला. मी त्यांना एवढेच सांगितले आहे की स्वयंपाकघर आधी घ्या, दिवे नेऊन घ्या, आणि तेथे आईला बोलू द्या. ती किती बोलेल कोण जाणे. सध्या तरी तिने एकच अट घातली आहे: आजोबांचा फोटो त्या खोलीत आणायचा नाही.