तळीला पाचवा माणूस

प्रेमाच्या विनोदी नाटकात उत्तम वाक्यं प्रेमिकांना द्यायची नसतात, नकार देणाऱ्याला द्यायची असतात. न्यू जर्सीत मराठी एकांकिका लिहिताना, बसवताना मी हे धरून चालते.

अ‍ॅन निकल्सचं ‘अ‍ॅबीज आयरिश रोझ’ १९२२ मध्ये ब्रॉडवेवर आलं. ज्यू मुलगा, आयरिश कॅथलिक मुलगी, दोन्हीकडचे बाप खवळलेले. समीक्षकांनी झोडपलं, तरी २,३२७ प्रयोग झाले. शेवटी जुळी नातवंडं होतात आणि म्हातारे विरघळतात. तो शेवट मला पटत नाही. नातवंडं दिसताच विरघळणारी श्रद्धा मुळात आड आलेलीच नसते. कुमैल नंजियानी आणि एमिली गॉर्डन यांनी आपल्याच आंतरधर्मीय प्रेमाची गोष्ट ‘द बिग सिक’ या चित्रपटात (२०१७) लिहिली. त्यात मुलगा न्यूयॉर्कला निघतो तेव्हा बाप बिर्याणी आणून देतो, आई गाडीतून उतरत नाही. बिर्याणी तिनेच केलेली असते.

मराठी आईच्या तोंडी ‘लोक काय म्हणतील’ घातलं की पात्र तिथेच मरतं. माझ्या एकांकिकेतली आई खंडोबाचे टाक पुसता पुसता विचारते, “माझ्यानंतर चंपाषष्ठीला तळी कोण भरणार?” तिचं काय जाणार आहे ते एकदा कळलं की हसूही तिथूनच फुटतं. तळी उचलायला पाच जण हवेत, बाहेर बर्फ पडतोय, चौघेच पोचलेत, आणि दारात मुलीचा आयरिश मित्र. तो हात लावतो, भंडारा उधळतो, टाळ्या पडतात.

मग मी मुलगा बदलला. गोरा जावई आमच्या प्रेक्षकांना आता चालतो. जातीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. जात टिकते ती जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांमुळे, हे तरुण आंबेडकरांनी इथूनच जवळ, कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी निबंध वाचून मांडलं होतं. रोझ ब्रॉडवेवर यायच्या सहा वर्षं आधी, त्याच मॅनहॅटनमध्ये.

आता दारातला मुलगा नागपूरचा, बौद्ध घरातला आहे, आणि तो तळीला हात लावत नाही. १९५६ साली त्याच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवांना न पुजणं ही त्या घराने कमावलेली गोष्ट आहे. तालमीत नट म्हणाला, “प्रेम आहे ना? मग उचलली तर काय बिघडतं?” मी म्हटलं, हाच प्रश्न टाकांबद्दल मुलीला विचारून बघ. त्यातून प्रवेश उभा राहिला. ती त्याला ‘तळी उचल’ म्हणत नाही, तो तिला ‘टाक सोड’ म्हणत नाही. तळी चौघांतच उचलली जाते, आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली फरशी कोण पुसणार यावरून दोघांची जुंपते. एवढा प्रेमाचा प्रवेश मी दुसरा लिहिलेला नाही.

त्याच्या आईचा प्रवेश सध्या लिहिते आहे. दीक्षेनंतर तिच्या सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले होते. सून टाक घेऊन आली तर ते कुठे ठेवायचे, असं ती विचारते. तिच्याकडेही उत्तम वाक्यं हवीत, आणि त्यातली निदान दोन पोट धरून हसवणारी हवीत.