उथळ कुंडीतलं पाणी

बोन्साय शिकायला येणारे बहुतेक जण कात्री आणि तार घेऊन येतात. मी मात्र त्यांना आधी झाड कुंडीतून बाहेर काढायला लावते.

पानं पिवळी पडून गळायला लागली की पाणी कमी पडलं, असंच सगळ्यांना वाटतं आणि पाणी वाढवलं जातं. परवा आलेल्या वडाचं हेच झालं होतं. मुळांभोवती काळ्या मातीचा चिखल, त्याला आंबूस वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल मोज्यासारखी निसटून हातात आली, आत नुसता दोरा उरला.

पाणी दिल्यावर कुठल्याही कुंडीच्या तळाशी मातीचा एक थर चिंब राहतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. फूटभर खोल कुंडीत त्या थराच्या वर मुळांना भरपूर जागा असते. 2 इंचांच्या ट्रेमध्ये जवळजवळ सगळी मुळं त्यातच बुडतात. तळाला खडे घालून हे टळत नाही, चिंब थर फक्त वर सरकतो. म्हणून इथे बागेची माती नको. विटांचे 3 ते 5 मिलिमीटरचे तुकडे चाळून घ्यायचे, धूळ धुऊन टाकायची, थोडं जुनं शेणखत मिसळायचं. कणांमधल्या फटींतून मुळांना हवा मिळाली पाहिजे.

पाणी घालायला शिकण्यात तीन वर्षं जातात, असं जपानमध्ये म्हणतात. मला ते पटतं. पुण्यात मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं, जुलैत कित्येक दिवस लागत नाही. उदबत्तीची उरलेली काडी मातीत खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा. ओली निघाली तर झारी खाली ठेवा.

तारेचं एवढंच, की पावसाळ्यात वड-उंबर झपाट्याने जाड होतात. तार सालीत रुतायच्या आत तुकडे करून काढा, उलगडत बसू नका.

काडीएवढं रोप ट्रेमध्ये कोंबलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. तिथे मुळं कोंडतात आणि खोड भरणं जवळपास थांबतं. खोड भरतं ते जमिनीत नाहीतर मोठ्या कुंडीत, मोकळ्या वाढलेल्या फांद्यांच्या जोरावर. पुढे कापायच्या फांद्यासुद्धा तोवर वाढू द्याव्या लागतात.

यंदा पाऊस सुरू झाला की उंबराचं एक रोप आणा, मोठ्या कुंडीत लावा, उन्हात ठेवा. ट्रे विकत घ्यायची घाई करू नका.