एका नांवाच्या शोधांत

लालबागेंतील आमच्या चाळीच्या अगदीं वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता पत्रा असलेली दहा फूट बारा फूट अशी आमची खोली आहे. चैत्र सरूं लागला म्हणजे तेथें दुपारीं बसवत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आजीस दोनदां घेरी आली, तेव्हां वडिलांनीं पत्र्यावर चुना देण्याचें मनांत आणलें. परंतु त्याचा उपयोग कितपत होईल हें कोणासच सांगतां येईना. आम्ही त्याच सुमारास शाळेच्या विज्ञानप्रदर्शनाकरितां विषय शोधीत होतों. आयताच विषय मिळाला असें मानून आम्हीं संगणकावर खोलीची प्रतिकृति उभी करण्याचें ठरविलें.

साधन घेतलें तें ओपनमॉडेलिका. तें विनामूल्य असून पवई येथील आय. आय. टी.च्या 'फॉसी' प्रकल्पानें त्याचा विद्यार्थ्यांत प्रसार केला आहे. तें ज्या मॉडेलिका भाषेवर चालतें तिची पहिली आवृत्ति १९९७ सालीं निघाली. आपण भौतिकाचीं समीकरणें लिहावयाचीं आणि सोडविण्याचें काम यंत्रानें करावयाचें, असा सगळा व्यवहार. खोलींतील हवेचें वजन काढतां तें सुमारें ४० किलोग्रॅम भरलें. हवेसही वजन असतें, आणि तें एवढें, हें ऐकून आजीस फार नवल वाटलें.

अडचण आली ती नांवांची. सूर्य माथ्यावर येतो व ढळतो हें दाखविण्यास काळ हवा. वर्गांत काळास लहान लिपींतील 'टी' म्हणतात, म्हणून आम्हीं तेंच लिहिलें. उत्तर आलें कीं, या नांवाची राशि येथें सांपडत नाहीं. 'टाइम' हा शब्द पुरा, आणि सर्व अक्षरें लहान लिपींत, असा लिहावा लागतो. तो भाषेंतच अंगभूत असल्यामुळें निराळा जाहीर करावा लागत नाहीं. मोठ्या लिपींतील 'टी' हें मात्र तापमान. एकदां रागानें आम्हीं देवनागरींत 'तापमान' असेंच नांव देऊन पाहिलें. तेंही नाकारलें गेलें. नांवापुढें अवतरणचिन्हांत टीप लिहावयाची असल्यास ती मराठींत चालते, इतकाच काय तो दिलासा! भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांतील आपल्या बीजगणितांत अज्ञात राशींस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें देऊन त्यांचीं आद्याक्षरें वापरलीं. तेथें नांव ठेवणारा आणि गणित सोडविणारा एकच होता. आमच्या राशींचें बारसें दुसऱ्या कोणीं केलेलें, आणि विचारावयास तो जवळ नाहीं.

पत्र्याचें तापमान आम्हीं ६० असें लिहिलें. यंत्रानें तें केल्व्हिनमध्यें धरलें, म्हणजे शून्याखालीं सुमारें २१३ अंश सेल्सियस, आणि लालबागेंतील आमची खोली भर दुपारीं गोठून गेली. ही चूक हंसण्यावारी गेली. पुढची तशी गेली नाहीं.

पत्र्यांतून किती उष्णता आंत येते हें आम्हांस पाहावयाचें होतें. गणित सुटल्यावर बाजूस सर्व राशींची यादी उघडते. तींत 'क्यू-फ्लो' हें नांव होतें. उष्णतेच्या प्रवाहाचें तें नांव असावें असा तर्क केला, व तो खराही होता. परंतु पत्र्याच्या एका भागाखालीं हें नांव तीन ठिकाणीं होतें. आमच्या गॅलरींत उभें राहून 'बाळू' अशी हांक मारली तर तीन दारांतून तीन डोकीं बाहेर येतात, तसेंच हें. अशा वेळीं चाळ, मजला, खोली असा पुरा पत्ता सांगावा लागतो, आणि तेथेंही मध्यें टिंबें देऊन पुरा पत्ताच लिहितात. आम्हीं खोलीच्या बाजूच्या टोंकावरील प्रवाह उचलला. दुपारच्या वेळीं तो सुमारें उणे १,००० वॅट निघाला. उणे म्हणजे खोलींतून उष्णता जाते, असें समजून आम्हीं घरीं जाहीर केलें कीं, पत्रा दुपारीं खोली थंड करतो. चुन्याचा खर्च वायां जाईल. वडील विचारांत पडले. आजी मात्र म्हणाली, "मग बाळ, तूंच दुपारीं दोन वाजतां येथें निजून दाखव."

आम्हीं निजून पाहिलें, आणि पंधरा मिनिटांत उठलों.

आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं आरंभींच सांगितलें होतें कीं, नांवावरून अर्थ काढूं नका, ग्रंथालयांतील मूळ मजकूर उघडा. तो आम्हीं आतां उघडला. तेथें प्रत्येक नांवापुढें एक ओळीची टीप असते. टोंकावरील प्रवाहाच्या टिपेंत होतें कीं, बाहेरून त्या भागांत शिरणारी उष्णता ती अधिक. हा भाग म्हणजे पत्रा, खोली नव्हे! तेव्हां खोलीकडील टोंकावर उणे म्हणजे पत्र्यांतून निघून खोलींत आलेली उष्णता. आम्ही ज्याला थंडावा म्हणत होतों तो एका विजेच्या शेगडीइतका ताप होता. वडिलांजवळ हें कबूल करतांना जीभ अडखळली. ते कांहींच बोलले नाहींत, पण दुसऱ्याच दिवशीं चुना आणला.

चुन्यानें पत्रा १२ अंशांनीं कमी तापेल असें धरून खोलीचें तापमान सुमारें ४० वरून ३७ अंशांवर येईल, असें गणित सांगत होतें. प्रत्यक्षांत तापमापकावर २ अंशांचाच फरक पडला. आजी आतां दुपारीं खोलींतच निजते. राहिलेला एक अंश कोठें गेला याचा शोध चालू आहे. गॅलरीच्या दारांतून येणारा वारा आम्हीं पुरेसा धरलाच नव्हता. वारा जास्त धरला कीं चुन्यानें पडणारा फरक कमी होतो. ग्रंथालयांत 'जीसी' नांवाची एक राशि त्याकरितां असावी असें दिसतें; तिची टीप वाचावयाची आहे.