‘तो’ कोण?

व्याख्यानाची सारी मोहिनी शब्दांच्या निवडीत असते, असा एक समज आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. आमच्या कोल्हापुरात बिंदू चौकातील सभा ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांस हे ठाऊक असेल की श्रोत्यास मागले पान उलटता येत नाही. वक्त्यानेच मागले वाक्य पुढल्यात कोठेतरी अडकवून ठेवावे लागते. हे काम ‘तो’, ‘ते’, ‘म्हणून’, ‘च’ असली किरकोळ मंडळी करीत असतात.

लोकमान्य टिळकांचे जन्मसिद्ध हक्काचे सुप्रसिद्ध वाक्य घ्या. ‘तो मी मिळवणारच’ यातील ‘तो’ कोण, असे विद्यार्थ्यांस विचारले तर बहुतेक ‘स्वराज्य’ म्हणतात. परंतु स्वराज्य नपुंसकलिंगी. त्यास ‘ते’ हवे. ‘तो’ बोट दाखवितो हक्काकडे! म्हणजे जे मिळवावयाचे ते परक्याचे दान नव्हे, मूळचे आपलेच. इंग्रजीत उतरताच हा लिंगभेद नाहीसा होतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचीही तीच गत. पहिल्यात श्रोता येतो, दुसऱ्यात तो बाहेर राहतो. इंग्रजीस दोहोंना एकच शब्द पुरतो.

ही केवळ पंतोजींची कुरकुर नव्हे. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथील तीन मराठी भाषणांवरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. आरोप राजद्रोहाचा. टिळकांनी अदृश्य सरकार आणि दृश्य सरकार, म्हणजे नोकरशाही, असा भेद केला होता. एकदा असा भेद केला म्हणजे पुढील प्रत्येक ‘सरकार’ व ‘ते’ कोणाविषयी, हे मागल्या वाक्यांवरूनच ठरते. एखादेच वाक्य कापून काढले की धागा तुटला. जिनांनी टिळकांची बाजू मांडली, आणि भाषणे समग्र वाचली पाहिजेत असे धरून मुंबई हायकोर्टाने नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला. कोर्टाने हे व्याकरणाच्या प्रेमाने केले नाही, हे उघडच आहे. पण व्याकरणाची बूज राखली गेली खरी.

हल्ली मोबाइलवर भाषणांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरतात. एखादा ‘म्हणून’ने सुरू होतो, कोणी टाळ्या पिटतो, कोणी दात-ओठ खातो. कशामुळे ‘म्हणून’, ते मागल्या तुकड्यात राहिलेले असते.