पोच

माझ्या अर्जाची पोच शाळेने दिली नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

मुलगा आठवीत. कबड्डीवरून एका मुलाशी भांडण, शिव्या, ढकलाढकली. हे सगळीकडे होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाने चारचौघांत ‘सुटल्यावर गेटवर ये, कापतो तुला’ असं सांगितलं आणि रात्री इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर कोयत्याचा फोटो टाकला. आम्ही पुण्यात हडपसरला राहतो. २०२३ पासून पेपरात ‘कोयता गँग’च्या हल्ल्यांच्या बातम्या वाचतोय. जवळच्याच मांजरीतल्या शाळेत नोव्हेंबर २०२४ मध्ये नववीतल्या मुलाने वर्गातल्याच मुलाच्या गळ्यावर काचेने वार केला, तोही आधीच्या भांडणातून.

या धमकीबद्दल अर्ज दोन प्रतींत लिहून शाळेत नेला. पर्यवेक्षकांनी वाचला. ‘ताई, पोरं असं बोलतातच. चहा घ्या.’ मी म्हटलं, सर, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का द्या. त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. ‘लेखी घेतलं की वर कळवावं लागतं. उगाच शाळेचं नाव खराब होतं. मी समज देतो ना दोघांना!’ दोघांना? धमकी एकाने दिली आणि समज दोघांना? मी क्लार्ककडे गेले. आवक रजिस्टर समोर उघडं, त्यावरच शिक्का ठेवलेला. ‘सरांनी सांगितल्याशिवाय मला मारता येत नाही.’ बाहेर व्हरांड्यात तक्रारपेटी होती. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकारानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने या पेट्यांवर एवढा जोर दिला. किल्ली कोणाकडे, ते शिपायालाही ठाऊक नव्हतं.

त्या मुलाला दाखला देऊन काढाच, असं मी तेव्हा ठाम म्हणत होते.

मग मुलाचा मित्र घरी आला. म्हणाला, ‘काकू, तो नुसता बोलतो. मागच्या बाकावरचा एक जण मात्र दप्तरात कटर आणतो. तो कोणाला काही बोलत नाही.’ अख्ख्या वर्गाला माहीत होतं. अमेरिकेत १९७४ ते २००० मधल्या ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसतं: बहुतेक हल्लेखोरांनी ज्याच्यावर हल्ला केला त्याला आधी थेट धमकावलं नव्हतं, पण बहुतेक वेळा कोणाला तरी, बहुधा मित्रांना, आधीच कुणकुण होती. म्हणजे धमकी हसण्यावारी न्यायची नाही, पण धमकावणाऱ्याला हाकलूनही भागत नाही. मुलांशी बोलावं लागतं आणि त्यांनी सांगितलेलं कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. दाखला देऊन तरी काय, पोरगं याच गल्लीत राहणार, फक्त शाळेच्या नजरेबाहेर. माझा राग मात्र गेलेला नाही. तो मुलगा गेटवर दिसला की आजही हातपाय गार पडतात.

कटरचं मी वर्गशिक्षिकेला सांगितलं. बाईंनी कोणाचं नाव न घेता सगळ्यांचीच दप्तरं पाहिली, कटर काढून घेतला, मधल्या सुट्टीत कटर आणणाऱ्या मुलाला शेजारी बसवून त्याच्याशी बोलल्या, त्याच्या आईला बोलावलं. मनापासून केलं त्यांनी. पण नोंद कुठेच नाही. जूनमध्ये तो मुलगा दुसऱ्या बाईंच्या वर्गात जाईल. त्यांना हे कोण सांगणार?