एका सतरंजीवर तीन इयत्ता

घरांत तीन मुलें असलीं म्हणजे थोरल्याचा सदरा मधल्यास आणि मधल्याचा धाकट्यास, ही चाल आपल्या कुटुंबांतून जुनीच आहे. सदरा सैल झाला तर बाह्या दुमडतां येतात. आंखूड झाला तर तो पुढच्याच्या उपयोगी पडतो. पुस्तकांच्या बाबतींतही असाच कांहीं हिशेब चालेल, अशी आमची समजूत होती. ती कशी चुकली आणि त्या चुकीची किंमत आमच्या थोरल्या मुलीस कशी द्यावी लागली, तें येथें सांगावयाचें आहे. ज्या घरीं मुलांस घरींच शिकविण्याचा विचार चालला असेल, किंवा सर्व भावंडांचा अभ्यास एकाच बैठकीवर घेतला जात असेल, त्यांस यांतून थोडेंफार घेण्यासारखें सांपडेल अशी आशा आहे.

आमची नोकरी बदलीची. चार वर्षांत तीन गांवें झालीं आणि मुलांच्या तीन शाळा झाल्या. एका शाळेंत जो धडा पुढें यावयाचा, तो दुसरींत आधींच होऊन गेलेला असे. शेवटीं मुलांच्या आजी-आजोबांजवळ पुण्यास सर्वांनीं एकत्र राहावयाचें ठरलें, आणि घडी नीट बसेपर्यंत दोन वर्षें मुलांस घरींच शिकवावें, असें आम्हीं उभयतांनीं ठरविलें. थोरली अकरा वर्षांची, मधला नऊ वर्षांचा आणि धाकटी सहांची. आजोबा जुने शिक्षक. त्यामुळें घरांत शिकविणाऱ्याची वाण नव्हती. आम्हीं बालभारतीचीं पुस्तकें आणलीं. थोरलीस सहावीचीं, मधल्यास चौथीचीं, धाकटीस पहिलीचीं. वयास इयत्ता जुळली, इयत्तेस पुस्तक जुळलें. आमच्या दृष्टीनें काम संपलें!

पहिले तीन आठवडे फार छान गेले. सकाळीं सतरंजी अंथरून तिघेंही बसत. थोरलीच्या गणिताच्या वहींतील उत्तरें बरोबर येत आणि आम्ही आपल्याशींच समाधान मानीत असूं. एकच गोष्ट खटके. गणिताचा तास आला कीं तिचें पोट दुखूं लागे. आजीनें ओवा दिला, हिंग लावला, गुण येईना. मग एके दिवशीं आजीच्याच ध्यानांत आलें कीं, दुपारच्या खाण्याला प्रत्येकास दोन लाडू दिले असतां मधल्याच्या पोटांत तीन जातात आणि थोरलीच्या एकच. चौकशी केली तेव्हां मधल्यानें अगदीं निरागसपणें सांगितलें, "ताई मला लाडू देते, मी तिला उत्तरें सांगतों. तिचीं गणितें सोपीं आहेत."

त्या वाक्यानें थोरली जी उठली, ती आंतल्या खोलींत जाऊन बसली. रात्रीं आजीच्या कुशींत शिरून तिनें विचारलें, "आजी, मी ढ आहें का ग?" आजीनें तें आम्हांस सांगितलें, तेव्हां आम्हांस आमचीच लाज वाटली. मुलीनें लबाडी केली असें म्हणून तिला रागें भरणें सोपें होतें. पण तिला न पेलणारें पुस्तक हातीं देऊन, समोर धाकट्या भावास बसवून, त्या लबाडीची वाट आम्हींच तयार केली होती.

दुसऱ्या दिवशीं आजोबांनीं पुस्तकें बाजूस ठेविलीं. त्यांनीं थोरलीस विचारलें, "एक तृतीयांश मोठा कीं एक चतुर्थांश?" ती चटकन् म्हणाली, "चतुर्थांश. चार तिनाहून मोठे आहेत ना!" आजोबा कांहीं बोलले नाहींत. स्वयंपाकघरांतून एक थालीपीठ आणवून ते म्हणाले, "हें तिघांत वांटलें तर तुझ्या वाट्याला जास्त येईल कीं चौघांत वांटलें तर?" मुलगी क्षणभर थांबली आणि हांसली. तीन आठवड्यांत गणिताच्या वेळीं ती प्रथमच हांसत होती. शाळा बदलण्याच्या गडबडींत अपूर्णांकांचा पायाच तिच्या हातून निसटला होता. आणि सहावीच्या पुस्तकांत तर अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार होते! ज्या जिन्याच्या दोन पायऱ्या गळल्या आहेत, त्यावर वरून हांका मारून मूल चढत नाहीं.

मग आम्हीं तिघांचीही अशीच पारख केली, आणि जें आढळलें त्यानें आम्ही चकित झालों. गणितांत बहिणीच्या पुढें धांवणारा मधला, पाहिलेल्या गोष्टीवर पांच ओळी लिहावयास बसविला तर दोन ओळींतच थकत असे. उलट थोरलीचें वाचन तिच्या वयाच्या मानानें बरेंच पुढें होतें. धाकटी गोष्टी घडाघडा वाची. मात्र 'त्रेपन्न' ऐकून पस्तीस लिही. यांत तिचा दोष थोडाच! आपल्या भाषेंत एकम् आधीं बोलतात आणि दशक मागाहून. लिहिण्याचा क्रम नेमका उलटा. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'पन्नास तीन' अशा धर्तीचें संख्यावाचन आलें, तेव्हां त्यावर केवढा गदारोळ उठला, तें वाचकांस आठवतच असेल. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमच्या घरीं आम्हीं 'पन्नास आणि तीन, म्हणजे त्रेपन्न' असें दोन्ही म्हणवून घेतलें आणि धाकटीची अडचण महिनाभरांत दूर झाली.

तात्पर्य, मुलास एकच एक इयत्ता असते, हीच आमची मूळ चूक होती. एकच मूल वाचनांत सहावीच्या पुढें, गणितांत चौथीत आणि लेखनांत पांचवींत असूं शकतें. म्हणून आम्हीं प्रत्येक विषयाची पायरी वेगळी ठरविली. त्यासाठीं एक साधी रीत ठेविली. पुस्तकांतील एखाद्या प्रकरणाचीं दहा उदाहरणें मदतीवांचून सोडवावयास द्यावींत. आठ-नऊ बरोबर आलीं तर पुढें जावें, पांच-सहा आलीं तर तेंच पुस्तक योग्य समजावें, त्याहून कमी आलीं तर एक पायरी मागें यावें. शंका असेल तेथें खालचीच पायरी निवडावी. सोप्या पुस्तकांतून मूल चार दिवसांत वर येतें. अवघड पुस्तकानें धसका घेतला म्हणजे तो निघावयास महिने लागतात.

यावर घरांत एक रास्त शंका निघाली. मागचीं पुस्तकें शिकविलीं तर पुढें शाळेंत मुलीचें वर्ष फुकट जाणार नाहीं का? आम्हीं माहिती काढली. २००९ सालीं झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सांगतो कीं, सहा वर्षांवरील मुलाचें प्राथमिक शिक्षण सुरू झालें नसेल वा अपुरें राहिलें असेल, तर त्यास वयास योग्य अशाच वर्गांत घ्यावें. आणि बरोबरीच्या मुलांस गांठण्यासाठीं विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणांतही तिसरी, पांचवी आणि आठवी यांच्या तोडीच्या तीनच पायऱ्या आहेत. मधल्या वर्षांत कोणता विषय केव्हां शिकावा, याची मोकळीक राहते. तेव्हां घरच्या अभ्यासाची पायरी ही कांहीं मुलाच्या कपाळावर कोरलेली इयत्ता नव्हे.

राहिला प्रश्न थोरलीच्या मानाचा. चौथीचें पुस्तक उघड्यावर तिच्या हातीं देणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें. आजीनें युक्ति काढली: तिघांच्याही सर्व पुस्तकांस तपकिरी कागदाचीं वेष्टनें घातलीं आणि त्यांवर इयत्ता न लिहितां केवळ विषय लिहिले. थोरलीचें गणित दुपारीं आजोबांजवळ, मधल्याचें सकाळीं आमच्याजवळ. एकाचें उत्तर दुसऱ्यासमोर विचारावयाचें नाहीं, हा नियम मोठ्यांनाही लागू केला. आणि तो मोडण्याचा मोह मोठ्यांनाच अधिक होई, हें कबूल केलें पाहिजे.

धाकटीचें संख्यावाचन आम्हीं थोरलीकडे सोंपविलें. मोठ्यानें लहानास शिकवावें, ही रीत आपल्याकडील जुन्या शाळांतून होतीच. मद्रासेस असतांना डॉ. अँड्र्यू बेल यांनीं येथील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं, आपल्या शाळेंत मुलांकडूनच मुलांस शिकविण्याचा प्रयोग केला, आणि १७९७ मध्यें लंडनला त्याची हकीकत छापली. आमच्या घरीं त्याचा लाभ लहानीपेक्षां मोठीलाच अधिक झाला. आपल्याला कांहीं येतें आणि तें दुसऱ्यास देतां येतें, हें तिला पुन्हां कळलें.

कांहीं विषय मात्र आम्हीं मुद्दाम एकत्रच ठेविले. पावसाळ्यांत गच्चीवर सरळ कडेचा डबा ठेविला. धाकटी रोज ढगांचें चित्र काढी, मधला डब्यांतील पाणी मिलिमीटरांत मोजून तारखेपुढें मांडी व त्यावर दोन ओळी लिही, आणि थोरली आठवड्याची सरासरी काढी. पाऊस एकच, पण काम ज्याच्या त्याच्या बेताचें. असे विषय असले म्हणजे भावंडांतील गोडी टिकते आणि शिकविणाराचा अर्धा वेळही वांचतो.

दिवाळीपर्यंत थोरलीनें चौथीचे व पांचवीचे अपूर्णांक पुरे केले. सहावीच्या गणिताशीं ती अजून झटतच आहे. सारें कांहीं सुरळीत झालें, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पोटदुखी थांबली आहे. मधल्याच्या दोन ओळींच्या सात-आठ ओळी झाल्या आहेत, आणि त्या तपासून देण्याचें काम तो ताईकडे घेऊन जातो.

परवां आजीनें लाडू वाढतांना सहज विचारलें, "काय रे, ताई आतां तुझ्याकडून कांहीं घेते कीं नाहीं?" थोरलीच मध्यें म्हणाली, "एका लाडवाचा एक तृतीयांश देऊन टाकीन त्याला. चतुर्थांशापेक्षां तो जास्त असतो." आजोबांनीं चष्मा पुसण्याचें निमित्त केलें. आम्हींही वर पाहिलें नाहीं.