रब्बी मेइर आणि रोजची शंभर

रात्री पुन्हा रब्बी मेइर वाचत बसलो. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला हा यहुदी पंडित, रब्बी अकिवांचा शिष्य. पोटासाठी तोरा या धर्मग्रंथाच्या प्रती लिहून द्यायचा. तालमुद या यहुदी ग्रंथात त्याचं एक सांगणं आहे: माणसाने रोज शंभर आशीर्वचनं म्हणावीत. शंभर! पण ही जपमाळ ओढणं नव्हे. भाकरीसाठी वेगळं, झाडाच्या फळासाठी वेगळं, जमिनीतून उगवलेल्यासाठी आणखी वेगळं. वीज चमकली तरी एक. शौचाहून आल्यावर, शरीरातली छिद्रं नि पोकळ्या नीट चालल्या म्हणूनही एक. हे मला फार आवडतं. धर्माला एवढा देह सहसा सोसत नाही.

शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, मुख्य प्रार्थनेत एरवीच्या १९ ऐवजी ७च वचनं, म्हणून आकडा कमी पडतो. तर एक रब्बी सुगंधी वनस्पती आणि गोड फळं आणून तो भरून काढायचे. हिशेबी भक्ती म्हणून हसू येतं, पण वास घ्यायला लावणारा हिशेब वाईट कसा? आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली यहुदींचा मलिदा आठवला: गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, आणि त्यांवर म्हटलेली हिब्रू वचनं.

मेइर काही फार सोशिक नव्हता. शेजारच्या गुंडांनी छळलं, तेव्हा ते मरावेत म्हणून त्याने देवाला साकडं घातलं. बायको ब्रुरिया म्हणाली, पाप संपू दे म्हणा, पापी कशाला? त्याने मागणं बदललं, आणि ते गुंड सुधारले म्हणे. मला इथे ब्रुरियाच अधिक आवडते. ऐकून घेणारा नवराही, थोडासा.